‘काय झाडी, काय डोंगार’ : बोलीचे हसे आणि राजकारणाची म्हण

अकलूज : सांगोल्याचे तत्कालीन आमदार शहाजीबापू पाटील यांनी जून २०२२मध्ये गुवाहाटीहून आपल्या एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना काढलेले उद्गार मराठी राजकारणातील सर्वाधिक गाजलेल्या वाक्यांत गणले जातात. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ आणि त्यापाठोपाठ ‘ओक्के’ एवढाच त्या संभाषणाचा लोकांच्या तोंडी राहिलेला भाग. ध्वनिफीत बाहेर पडल्यावर अवघ्या काही तासांत ती राज्यभर पसरली. तिच्यावर गाणी रचली गेली, नकला झाल्या, मोबाईलवर विनोदांचा पाऊस पडला.

नेत्याची जीभ घसरली आणि त्याचे हसे झाले, अशा सदरात हे वाक्य सर्रास घातले जाते. ते पूर्णतः बरोबर नाही. लोक हसले ते दोन वेगवेगळ्या गोष्टींना. काहींना ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ या उच्चारांचे हसू आले. काहींना राज्याचे सरकार डळमळीत झालेले असताना आमदार निसर्गशोभेचे आणि हॉटेलचे वर्णन करतो आहे याचे. पहिल्या हशामागे भाषेविषयीचा गैरसमज होता, दुसऱ्यामागे राजकीय टीका. पुढील काळात टिकला तो दुसरा हशा. पहिल्याची मात्र फारशी चिकित्सा झाली नाही.

फोन नेमका कधीचा?

२० जून २०२२ रोजी विधान परिषदेच्या निवडणुकीचे मतदान झाले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्यासह शिवसेनेच्या आमदारांचा गट सुरतेकडे रवाना झाला. २२ जूनच्या पहाटे हा गट गुवाहाटीत पोहोचला. तेथील रॅडिसन ब्लू या पंचतारांकित हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. २९ जून रोजी उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि ३० जून रोजी शिंदे यांचा शपथविधी झाला. या मधल्या आठवड्यात महाराष्ट्राचे डोळे त्या हॉटेलच्या दाराकडे लागले होते. आतून फारसे काही बाहेर येत नव्हते. जे आले त्यात सर्वांत मोकळे, सर्वांत अघळपघळ असे हे एक संभाषण होते. दूरच्या गावी गेलेला माणूस घरच्यांना जशी खुशाली कळवतो, तसा त्याचा सूर होता.

त्याच दिवसांत आसाममध्ये मोठा पूर आला होता. लाखो लोक बेघर झाले होते, शंभराहून अधिक बळी गेले होते. महाराष्ट्रातील आमदारांची पाहुणचाराची व्यवस्था सुरू असताना राज्यातील लोक पाण्यात आहेत, याकडे लक्ष वेधण्यासाठी तृणमूल काँग्रेसच्या आसाममधील कार्यकर्त्यांनी २३ जून रोजी त्या हॉटेलबाहेर निदर्शनेही केली. हॉटेलच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडीचे कौतुक या पार्श्वभूमीवर अनेकांना खटकले, आणि ते खटकणे रास्तच होते. आक्षेप घ्यायचा तर तो येथे घेता येतो. व्याकरणाशी त्याचा संबंध नाही.

शहाजीबापू हे नाव सोलापूर जिल्ह्याबाहेर तोपर्यंत फारसे परिचित नव्हते. सांगोला हा शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते गणपतराव देशमुख यांचा बालेकिल्ला. गणपतराव या मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेवर गेले. त्यांचा पराभव करण्याची कामगिरी शहाजीबापूंनी १९९५मध्ये काँग्रेसच्या उमेदवारीवर केली होती. त्यानंतर अनेक निवडणुका त्यांना हार पत्करावी लागली. २०१९मध्ये शिवसेनेच्या उमेदवारीवर ते पुन्हा निवडून आले, तेही अवघ्या ७६८ मतांनी. इतक्या वर्षांच्या राजकारणाने जी प्रसिद्धी दिली नाही ती एका फोनने दिली.

‘डोंगार’ अशुद्ध कसे?

अकलूजहून वेळापूर, महूदमार्गे सांगोल्याकडे निघाले की वाटेत कोठेही ‘डोंगार’ ऐकू येतो. ‘डोंगर’मधील मधला स्वर लांबवणे ही या भागातील लोकांची जुनी लकब आहे, ‘नांगर’चा ‘नांगार’ होतो तो त्याच चालीने. ‘आहे’मधील पहिले अक्षर गळून ‘हाय’ होणे आणि ‘मध्ये’मधील महाप्राण सुटून ‘मदी’ होणे, हेही नियमित बदल आहेत. एखाद्याची जीभ अडखळली म्हणून ते होत नाहीत, हजारो लोक पिढ्यान्पिढ्या तसेच बोलतात म्हणून होतात. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी आपल्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला खंड १९०५मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हाही देशावरील मराठीत जागोजागी बोलण्याची तऱ्हा बदलते याची नोंद घ्यावी लागली होती. पुण्याकडील सुशिक्षितांची भाषा शाळाखात्याने आणि छापखान्याने प्रमाण मानली. त्यामुळे उरलेल्या महाराष्ट्राचे बोलणे चुकीचे ठरत नाही. ते फक्त छापले गेले नाही.

‘हाटील’ची कथा आणखी मजेची आहे. इंग्रजीतील ‘ऑ’ हा स्वर मूळ मराठीत नाही. त्याच्यासाठी अक्षरावर अर्धचंद्र देण्याची सोय आपण इंग्रजी शब्दांपायी करून घेतली. ज्याच्या कानावर इंग्रजी शाळेतून नव्हे तर बाजारातून आले, त्याने त्या स्वराच्या जागी आपला जवळचा ‘आ’ ठेवला. म्हणून कॉलेजचे ‘कालेज’ आणि डॉक्टरचा ‘डाक्टर’ झाला. हॉटेलचे आधी ‘हाटेल’, मग ‘हाटील’ झाले. परकी वस्तू घरात आणताना तिला घरच्या मापाची करून घेण्याची ही रीत जगातील सर्व भाषांत आढळते. ‘अल्फान्सो’चा ‘हापूस’ करणाऱ्या कोकणाला कोणी हसत नाही. ‘हॉस्पिटल’चे ‘इस्पितळ’ तर पाठ्यपुस्तकात जाऊन बसले. ‘हाटील’ त्यांच्याच पंगतीचे. फक्त ते उशिरा आले आणि खेड्यातून आले.

‘ओक्केमध्ये’ या प्रयोगाकडेही नीट पाहावयास हवे. ‘कसं काय?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘मजेत’, ‘सुखात’, ‘आनंदात’ असे सप्तमीतले उत्तर देतो. आपण एखाद्या अवस्थेच्या आत आहोत असे सांगण्याची ही आपली पद्धत आहे. परक्या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय थेट लागत नाही तेव्हा ‘मध्ये’ जोडून काम भागवले जाते. ‘टेन्शनमध्ये आहे’ हे पुण्या-मुंबईतही कोणी चुकीचे मानत नाही. ‘ओक्केमध्ये’ हे ‘मजेत’चे थेट भाषांतर आहे. ‘क’चे द्वित्त जोर देण्यासाठी. इंग्रजी शब्द, मराठी विभक्तिविचार आणि माणदेशी उच्चार अशी तीन पदरी वीण या एका शब्दात आहे, आणि ती बोलणाऱ्याने विचार करून घातलेली नाही. भाषा चांगली येते म्हणतात ते यालाच.

झाडीचे अप्रूप

एक गोष्ट सांगोल्याबाहेरच्या श्रोत्यांच्या सहसा ध्यानात आली नाही. सांगोला तालुका माणदेशाच्या पट्ट्यात येतो. सह्याद्रीने पाऊस अडवल्यानंतर जे उरते ते या भागाला मिळते. माण नदी वर्षाचा बराचसा काळ कोरडी असते. मुरमाड माळ, बोडके डोंगर, खिलार जनावरे आणि अलीकडच्या काळात डाळिंबाच्या बागा हे येथील चित्र. नीरा उजव्या कालव्यावर ऊस पिकवणारे अकलूज आणि पाण्याची वाट पाहणारा सांगोला यांच्यात जेमतेम तासाभराचे अंतर आहे, पण दोन्हींकडच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात मात्र महदंतर. २००९च्या निवडणुकीपासून माळशिरस आणि सांगोला हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ माढा लोकसभा मतदारसंघात एकत्र आले. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत पाणी हाच येथील पहिला प्रश्न राहिला आहे.

अशा मुलखात वाढलेला माणूस आषाढाच्या तोंडावर ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरतो आणि हिरवेगार डोंगर पाहतो. त्याच्या तोंडून प्रथम ‘काय झाडी’ निघावे यात नवल नाही. डोंगरावर झाडी असते, हीच माणदेशात सांगण्यासारखी बातमी आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी १९४९च्या ‘माणदेशी माणसं’मधून याच मुलखाचे दुष्काळी जगणे मराठी वाचकांपुढे ठेवले होते. शहाजीबापूंच्या उद्गारात तो दुष्काळ आहे, पण तो न बोललेला आहे. त्यामुळे तो पंचतारांकित हॉटेलच्या झगमगाटात दिसला नाही.

मग लोक इतके का हसले? त्याचे एक उत्तर अकलूजमध्येच सापडते. विनोदी कथाकार द. मा. मिरासदार यांचा जन्म १४ एप्रिल १९२७ रोजी अकलूज येथे झाला. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या त्रयीने कथाकथनाचे कार्यक्रम करून ग्रामीण बोली शहरी सभागृहांत नेली. गावातील इरसाल माणसे, त्यांचे हेल, त्यांचा बेरकीपणा ऐकून मध्यमवर्गीय श्रोता पोट धरून हसला. ते हसणे निर्मळ होते, कारण सांगणारा स्वतः त्या गावचा होता. पात्र बावळट वाटले तरी शेवटी वरचढ ठरायचे ते पात्रच. पुढे नाटक-सिनेमाने आणि दूरचित्रवाणीने ती बोली उचलली. तिच्यातील बेरकीपणा मात्र गळून पडला. ‘हाटील’ म्हणणारा तो गावंढळ, एवढेच समीकरण उरले. २०२२मध्ये ध्वनिफीत वाजली तेव्हा श्रोत्याचे कान कित्येक दशकांच्या सवयीने आधीच तयार होते.

तमाशाच्या बतावणीतही शब्दाच्या चुकीच्या अर्थावरून, उच्चारावरून विनोद होतो. लावणी स्पर्धांमुळे राज्यभर नाव झालेल्या अकलूजच्या रसिकांना ते वेगळे सांगावयास नको. परंतु तेथे सोंगाड्या मुद्दाम चुकतो, आणि त्याच्या चुकीत पाटलाची वा राजाची फजिती असते. फोनवर बोलणारा आमदार सोंगाड्या नव्हता. लोकांनी त्याला त्या जागी उभे केले, आणि काही काळाने तोही ती भूमिका आनंदाने वठवू लागला. पुढच्या सभांतून आणि मुलाखतींतून त्या उद्गारांची फर्माईश होत राहिली. टीकेची धार अशा वेळी बोथट होते, हे राजकारण्यांना चांगले कळते.

‘ओके’चे मूळही विनोदातच

‘ओक्के’वरून हसणाऱ्यांना एक माहिती रंजक वाटावी. ‘ओके’ हा शब्दच मुळात चुकीच्या भाषेच्या विनोदातून जन्मला. १८३९मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात ‘ऑल करेक्ट’ या शब्दांचे हेतुपुरस्सर चुकीचे स्पेलिंग करून त्यांची ‘ओ’ आणि ‘के’ ही आद्याक्षरे वापरण्याची गंमत रूढ होती. ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या २३ मार्च १८३९च्या अंकात ती छापली गेली. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक आली. उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांना त्यांच्या किंडरहूक या गावावरून ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणत. त्यांच्या समर्थकांनी तीच आद्याक्षरे घोषणेसाठी उचलली. विरोधकांनी उलट आवई उठवली की, माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नसे आणि ‘सर्व ठीक’ असा शेरा मारताना ते ही अक्षरे लिहीत. जॅक्सन यांच्या नावावर खपवलेली ती चूक काल्पनिक होती, शब्द मात्र टिकला. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६०च्या दशकात या सर्वाचा छडा लावला. एका राजकारण्याच्या कथित अशुद्धतेवरची थट्टा आणि निवडणुकीची घोषणा यांच्यावर स्वार होऊन जगभर पोहोचलेला शब्द १८० हून अधिक वर्षांनी सांगोल्याच्या फोनवरून पुन्हा थट्टेत आणि घोषणेत शिरावा, हा योगायोग खरोखर विलक्षण आहे.

कारण घोषणा लवकरच आली. ऑगस्ट २०२२च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी ‘पन्नास खोके, एकदम ओक्के’ असा घोष सुरू केला. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी ही मुंबईच्या काळ्या व्यवहारातील परिभाषा सिनेमाने घरोघरी पोहोचवली होती. तिच्याशी ‘ओक्के’चे यमक जुळले. आमदारांनी पैसे घेतल्याचा हा आरोप शिंदे गटाने सातत्याने नाकारला. पण यमकाला पुरावा लागत नाही. २४ ऑगस्ट रोजी त्याच पायऱ्यांवर दोन्ही बाजूंचे आमदार एकमेकांवर धावून गेले. त्या वर्षीच्या पोळ्याला काही ठिकाणी बैलांच्या अंगावर ही घोषणा रंगवलेली दिसली. ऑक्टोबरमध्ये आमदार रवी राणा आणि बच्चू कडू यांच्यात याच आरोपावरून जाहीर वाद झाला आणि राणा यांना आपले शब्द मागे घ्यावे लागले. नोव्हेंबरमध्ये ‘खोक्यां’च्या टोमण्याला उत्तर देताना तत्कालीन कृषिमंत्री अब्दुल सत्तार यांनी खासदार सुप्रिया सुळे यांच्याविषयी अपशब्द वापरले आणि राज्यभर निदर्शने झाली. एप्रिल २०२३मध्ये तर ‘खोक्यां’वरील रॅप गाण्यामुळे एका तरुण कलावंतावर ठाणे जिल्ह्यात गुन्हा नोंदवला गेला.

खुशाली कळवणारा शब्द दहा महिन्यांत पोलीस ठाण्यात पोहोचला तो असा. यात ‘डोंगार’ आणि ‘हाटील’ मागे पडले हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्यांना उच्चाराचे हसू आले होते त्यांचा विनोद महिन्याभरात शिळा झाला. ज्यांना ‘सारे ठीक आहे’ या दाव्याचाच राग आला होता त्यांनी त्याची म्हण केली.

नीरेच्या पलीकडे, २०१३

अकलूजजवळ नीरा ओलांडली की पुणे जिल्ह्याचा इंदापूर तालुका लागतो. तेथील निंबोडी येथे एप्रिल २०१३च्या पहिल्या आठवड्यात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी केलेले भाषण हे या विषयातील दुसरे, आणि अधिक गंभीर प्रकरण. त्या वर्षी राज्यात भीषण दुष्काळ होता. उजनी धरणाचे पाणी सोलापूर जिल्ह्यासाठी सोडावे या मागणीसाठी येथील शेतकरी कार्यकर्ते प्रभाकर देशमुख मुंबईत आझाद मैदानावर अनेक आठवडे उपोषणाला बसले होते. त्यांचा उल्लेख करून पवार यांनी, धरणात पाणीच नाही तर सोडायचे कोठून, आता तेथे लघवी करायची का, अशा आशयाचा सवाल केला. प्रत्यक्षात त्यांनी वापरलेले क्रियापद बोलीतले, छापील मराठीत टाळले जाणारे होते. त्याच भाषणात भारनियमनाचा आणि वाढत्या जन्मदराचा संबंध जोडणारा विनोदही झाला.

समोरची सभा हसली, असे ध्वनिचित्रफितीत ऐकू येते. बाहेरचा महाराष्ट्र हसला नाही, निदान आधी तरी नाही. पवार यांनी माफी मागितली, शरद पवार यांनीही दिलगिरी व्यक्त केली, विधिमंडळाचे कामकाज रोखले गेले. १४ एप्रिल रोजी अजित पवार यांनी कराड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीस्थळी दिवसभर आत्मक्लेश उपोषण केले. आपल्या राजकीय आयुष्यातील ती सर्वांत मोठी चूक, असे त्यांनी स्वतःच म्हटले. त्यानंतरही लघुसंदेशांतून, व्यंगचित्रांतून आणि विरोधकांच्या सभांतून त्या वाक्याने त्यांचा पिच्छा सोडला नाही. सुमारे ११७ टीएमसी साठवणक्षमतेच्या उजनीविषयी कोठेही बातमी आली की ते वाक्य पुन्हा आठवले जाई.

दोन्ही प्रकरणे एकाच पट्ट्यातली, दोन्हींच्या मुळाशी पाण्याची ददात. तरीही त्यांची जातकुळी निराळी आहे. ‘ग्रामीण भागात असेच बोलतात’ ही ढाल अशा वेळी पुढे केली जाते. पवारांच्या वाक्यात दोष बोलीचा नव्हता. तोच शब्द रानात, गोठ्यात, घरात दिवसातून दहादा उच्चारला जातो आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. दोष होता तो उपाशी बसलेल्या माणसाच्या मागणीची थट्टा करण्यात, आणि ती थट्टा सिंचनाचा कारभार दीर्घकाळ सांभाळलेल्या मंत्र्याने करण्यात. भाषा शिष्ट असती तरी अपमान तेवढाच राहिला असता. अशा बोलण्याचे खापर बोलीवर फोडणे हा बोलणाऱ्या साध्या माणसांवर अन्याय आहे. कारण सौजन्य आणि सभ्यता बोलीतही असते, किंबहुना पाहुण्याला ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणणारी बोली तीच.

परभाषेतील ठेच

खऱ्या अर्थाने भाषेची चूक म्हणावी अशी उदाहरणे बहुतेकदा नेता आपली भाषा सोडून दुसऱ्या भाषेत शिरतो तेव्हा घडलेली दिसतात. त्यांतील सर्वांत दुःखद उदाहरण आर. आर. पाटील यांचे. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर पत्रकारांशी हिंदीतून बोलताना तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री पाटील यांनी, मोठ्या शहरात अशी एखादी घटना होत असते, अशा अर्थाचे विधान केले. १९९५च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटातील एका गाजलेल्या संवादाशी त्याचे वळण इतके जुळले की लोकांच्या स्मरणात मूळ वाक्याऐवजी संवादाच्या थाटाचे वाक्यच राहिले. १ डिसेंबर रोजी त्यांनी राजीनामा दिला. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे ‘आबा’ मराठीत सभा जिंकणारे वक्ते होते. ग्रामस्वच्छता अभियानाचे आणि तंटामुक्तीचे श्रेय त्यांना दिले जाते. पोलिसांनी मोठी हानी टाळली असे त्यांना सांगावयाचे होते. तुटपुंज्या हिंदीत त्याचे बेफिकिरीत रूपांतर झाले. २००९च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा गृहमंत्री झाले, पण १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांचे निधन झाले त्या दिवशीच्या मृत्युलेखांतूनही ते वाक्य वगळता आले नाही.

सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे केंद्रीय गृहमंत्री असताना डिसेंबर २०१२मध्ये संसदेतील निवेदनात हाफिज सईद याच्या नावामागे ‘श्री’ लावून गेले आणि विरोधकांच्या तावडीत सापडले. कागदावरील प्रत्येक नावामागे ‘श्री’ लावण्याची सरकारी सवय अशी अंगाशी येते. २०१७च्या मे महिन्यात भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांनी जालन्यात तूर खरेदीविषयी बोलताना शेतकऱ्यांना उद्देशून वापरलेला ‘साले’ हा शब्द वेगळ्या वर्गात मोडतो. तो सवयीचा असेल, पण परभाषेतील ठेच तो नव्हे. पंढरपूरचे माजी खासदार रामदास आठवले यांनी फेब्रुवारी २०२०मध्ये गेटवे ऑफ इंडियापाशी दिलेल्या ‘गो कोरोना’ या घोषणेचे इंग्रजी निर्दोष होते. हसू आले ते विषाणूला आज्ञा देण्याचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठवले यांनाच करोनाची लागण झाली, आणि विनोदाला दुसरा अंक मिळाला.

चूक नसताना चूक ठरण्याचा अनुभव जगातील मातब्बरांनाही आला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी जून १९६३मध्ये बर्लिनमध्ये ‘मी बर्लिनवासी आहे’ असे जर्मन भाषेत म्हटले. त्या शब्दांचा अर्थ ‘मी जॅम भरलेला गोड पाव आहे’ असा होतो, ही दंतकथा पुढे कित्येक वर्षे वृत्तपत्रांनी छापली. वास्तविक वाक्य व्याकरणशुद्ध होते, समोरच्या बर्लिनकरांना ते नेमके कळले होते आणि कोणीही हसले नव्हते.

सांगोल्यातही ‘डोंगार’ला कोणी हसले नाही. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत शहाजीबापू शिंदे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले. समोर गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून होते, तर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने दीपक साळुंखे यांना उतरवले. निकालात बाबासाहेब देशमुख पंचवीस हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. प्रचारात पाण्याच्या योजना, पक्षफूट आणि ‘गद्दारी’ यांवर भर राहिला. डोंगाराचा उच्चार हा मतदारांपुढचा प्रश्न नव्हता. तेथील मतदार तसाच बोलतो.